सेटअप टाइम, सहा गोळ्यांचा

भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याचे भाग कापणाऱ्या कारखान्यात, मी एकतीस वर्षं डाय, म्हणजे प्रेसमधले साचे, बदलल्या. ब्रॅकेटची उतरवायची, वॉशरची चढवायची, वॉशरची उतरवायची, कव्हरची चढवायची. या मधल्या वेळाला आम्ही सेटअप टाइम म्हणायचो आणि मालक तोटा म्हणायचे. पुढे सेटरचा सुपरवायझर झालो तेव्हा हातात स्टॉपवॉच आलं, आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड काही सुटलेली नाही. घरी कुकरची शिट्टी आणि चहा यांच्यातही मला सेटअप टाइम दिसतो. बायको त्यावर काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

म्हणून मी रिव्हॉल्व्हर भरताना कुणाची वेळ मोजली, असं वाचून दचकू नका. नेमबाजी मला एनसीसीतही जमली नव्हती. गोळी कुठे लागते याच्याशी मला देणंघेणं नाही. सहावी गोळी सुटल्यानंतर आणि सातवी सुटण्याआधी काय होतं, माझं कुतूहल तेवढ्यापुरतंच.

लेक अमेरिकेत कनेक्टिकटला असते. हार्टफर्ड शहरातून हायवे जातो, त्याच्या कडेला विटांच्या जुन्या कारखान्यावर एक निळा घुमट आहे, कांद्याच्या आकाराचा, त्यावर सोनेरी चांदण्या आणि शेंड्यावर उधळलेला घोडा. पहिल्यांदा वाटलं, रशियन देऊळबिऊळ असावं. जावई म्हणाला, "बाबा, ती कोल्टची फॅक्टरी." म्हणजे रिव्हॉल्व्हरवाला सॅम्युएल कोल्ट. १८६४ साली हा कारखाना जळाला आणि पुन्हा बांधला. आता तिथे बंदुका बनत नाहीत, पण शहरातल्या स्टेट लायब्ररीच्या इमारतीत म्युझियम आहे आणि तिथे कोल्टचा मोठा संग्रह आहे. प्रवेश फुकट. फुकट म्हटल्यावर मी तीनदा गेलो.

टूलरूमच्या माणसाने हार्टफर्डला नमस्कार करावा असं बरंच काही आहे. प्रॅट आणि व्हिटनी, ज्यांच्या नावाची विमानाची इंजिनं आपण ऐकतो, ते दोघे मुळात कोल्टच्या कारखान्यात घडलेले मशीनवाले. एका नगाचा भाग दुसऱ्या नगाला कानशीने न घासता बसला पाहिजे, हा हट्ट याच भागात मोठा झाला. पण ते पुन्हा कधीतरी.

लेकीच्या शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहतात, वय अठ्ठ्याहत्तर. आमची ओळख कुंपणावरून झाली आणि मैत्री त्यांच्या गॅरेजमधल्या मायक्रोमीटरवरून. त्यांच्याकडे इटलीत बनलेल्या दोन प्रतिकृती आहेत, एक १८६० च्या कोल्टची आणि एक १८५८ च्या पेटंटवरच्या रेमिंग्टनची. महिन्यातून एकदा ते एका क्लबच्या रेंजवर जाऊन काळी दारू, म्हणजे जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू, उडवतात. मला म्हणाले, चल. लेकीने निघताना दम दिला, "बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. हात लावायचा नाही हं कशालाही." मी हात मागे बांधून, मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा राहिलो.

आणि पहिल्या मिनिटाला माझ्या तोंडून मराठीत निघालं, "अहो, ही तर ठासणीची!"

माझं आजोळ संगमेश्वराकडचं. मामाकडे ठासणीची बंदूक होती, शेतीरक्षणाच्या परवान्यावर. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि डुकरांना बहुधा आचारसंहिता कळायची, कारण ती नेमकी तेव्हाच यायची. मामा आधी दारू ओतायचा, मग चिंधी, छर्रे, पुन्हा चिंधी, मग गजाने ठासायचं, शेवटी मागे आपटल्यावर ठिणगी देणारी टोपी. तेवढ्यात डुक्कर पलीकडच्या वाडीत.

कोल्टचं जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे हेच सगळं, सहा वेळा.

शेजाऱ्यांनी घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारी हातोडी, अर्धा ओढला. तसा ओढला की सिलिंडर, म्हणजे सहा गोळ्यांच्या सहा घरांचा दंडगोल, मोकळा फिरतो. पितळी कुपीच्या नळीत एका घराच्या मापाची दारू मावते, ती पहिल्या घरात ओतली. वर शिशाची गोळी ठेवली, घरापेक्षा केसभर मोठी. रिव्हॉल्व्हरच्या नळीखाली एक दांडा असतो, बोअरिंगच्या हापशासारखा. तो खाली ओढला की गोळी घरात रुतते आणि तिच्या कडेची शिशाची बारीक चकती सोलून बाहेर पडते. मी ओरडलोच, "इंटरफिअरन्स फिट!" एवढे दोन शब्द भोसरीतही तेच आणि हार्टफर्डलाही तेच. गोळी अशी घट्ट बसली नाही तर दोन भानगडी. शेजारचं घर उडताना बसणाऱ्या धक्क्याने ती पुढे सरकते आणि सिलिंडर अडतो. शिवाय फटीतून ठिणगी शिरून शेजारची घरं एकदम पेटू शकतात. म्हणून ते वरून चरबीही फासत होते. सहाही घरं झाल्यावर मागच्या सहा निपलांवर, म्हणजे बारीक भोकाच्या बोंडांवर, तांब्याच्या इवल्या टोप्या. त्या मसुराच्या डाळीएवढ्या, बोटं अठ्ठ्याहत्तर वर्षांची. एक टोपी गवतात पडली, ती शोधायची नाही असा त्यांचा नियम. नवीन घेतली.

चार मिनिटं पन्नास सेकंद. उडवायला पंधरा सेकंदही लागले नाहीत.

त्यातही, उडवताना प्रत्येक वेळी घोडा ओढण्याआधी ते नळी आकाशाकडे करत होते. मला वाटलं स्टाइल आहे. तर तसं नव्हतं. फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याखाली यंत्रात पडले की सगळं जाम होतं, म्हणून ते मागे झटकून टाकायचे. आमच्याकडे स्क्रॅप अडकला की प्रेस बंद, तसंच.

मग त्यांनी रेमिंग्टन घेतलं. त्याची चौकट वरून बंद असते. दांडा खाली केला, मधली पिन पुढे ओढली, सिलिंडर बाजूने हातात. खिशातून दुसरा भरलेला सिलिंडर काढून बसवला, पिन आत, दांडा वर. बावीस सेकंद! मी स्टॉपवॉच त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही, पण मला तिथे शिगेओ शिंगो दिसायला लागले.

ज्यांनी कारखान्यात काम केलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. शिंगो हे जपानी इंजिनिअर. १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागायचे. शिंगोंनी ते आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणलं. माणसांना पळायला लावून ते झालं नाही. त्यांनी कामाचे दोन ढीग केले. प्रेस बंद असतानाच करता येतं ते आतलं काम, आणि प्रेस चालू असताना करून ठेवता येतं ते बाहेरचं. मग आतल्या ढिगातलं एकेक उचलून बाहेरच्या ढिगात टाकलं. दारू, गोळी, चरबी, टोपी हे सगळं आतलं काम. भरलेला सिलिंडर खिशात असेल तर तेच सगळं रात्री शेकोटीपाशी बसून करायचं बाहेरचं काम.

आणि हे कोल्टला १८३६ लाच सुचलेलं होतं, किंवा निदान करावं लागलं होतं. त्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी बनलं, पाच गोळ्यांचं. सुरुवातीच्या नगांना ठासायचा दांडाच नव्हता. भरायचं तर नळी काढून सिलिंडर उतरवायचा. एवढं खोलायचंच आहे तर दुसरा भरलेला सिलिंडरच बसवा, म्हणून जादा सिलिंडर सोबत मिळायचा. टेक्सासचे रेंजर, म्हणजे तिथले सशस्त्र स्वार, घोड्यावर बसून हा उद्योग करायचे. कंपनी १८४२ मध्ये बुडाली. पुढे १८४७ मध्ये रेंजर सॅम्युएल वॉकरच्या सूचना घेऊन कोल्टने दोन किलोचं, सहा गोळ्यांचं दांडगं रिव्हॉल्व्हर काढलं आणि सरकारची हजार नगांची ऑर्डर मिळवली. त्यात ठासायचा दांडा कायमचा बसवलेला होता, फक्त बार उडाला की धक्क्याने तो खाली लोंबायचा. पहिल्या लॉटला असं होतंच.

सिलिंडर बदलायची ही युक्ती बघून मला वाटलं, अमेरिकेच्या यादवी युद्धात सगळे हेच करत असणार. शेजारी हसले. बहुतेकांनी सोपा मार्ग धरला होता, जादा सिलिंडरऐवजी जादा रिव्हॉल्व्हर. मिसूरीतले गनिमी टोळ्यांवाले घोडेस्वार कमरेला आणि खोगिराला मिळून चार-चार बाळगायचे. एक रिकामं झालं की दुसरं. हे मला लगेच पटलं. डाय बदलायला वेळ लागतो म्हटलं की आमचे मालकही शेवटी दुसरा प्रेसच घ्यायचे.

त्या काळात कागदी काडतुसंही होती. काडतूस आणि कागद म्हटलं की आपल्याला १८५७ आणि दाताने तोडणं आठवतं. ही रिव्हॉल्व्हरची वेगळी. सोऱ्याच्या (दारूतल्या क्षाराच्या) पाण्यात भिजवलेल्या पातळ कागदात दारू आणि पुढे गोळी चिकटवलेली. काही फोडायचं नाही, अख्खं घरात टाकून ठासायचं, कागद जळून जातो. सहाचं एक पुडकं. दारू मोजणं गेलं, पण टोप्या राहिल्याच.

टोपी, दारू आणि गोळी या तिन्हींना एका धातूच्या पुंगळीत बसवलं की सगळा घोळ मिटतो. पुंगळीचं काडतूस आलंही होतं. ते सिलिंडरच्या मागून घालायचं, तर सिलिंडर आरपार भोकाचा हवा. आता ऐका. आरपार भोकाचा सिलिंडर! ड्रिल पुढून घालून मागून बाहेर काढायचं, यात शोध तो काय? पण ३ एप्रिल १८५५ रोजी रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने त्याचं पेटंट घेतलं. स्मिथ आणि वेसन या जोडीने ते त्याच्याकडून नगामागे पंचवीस सेंट ठरवून घेतलं, आणि कोर्टात भांडायची जबाबदारी मात्र व्हाइटच्याच गळ्यात घातली. १८५७ मध्ये त्यांचं सात गोळ्यांचं इवलंसं पॉइंट बावीस (हे गोळीचं इंचातलं माप) बाजारात आलं. बाकी अख्ख्या अमेरिकेला चौदा वर्षं आरपार भोक पाडायची बंदी. १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध मुख्यतः ठासणीच्या रिव्हॉल्व्हरांनी लढलं गेलं त्यामागे हे एक भोक आहे.

कोल्टवाल्यांनी पेटंट चुकवायला काय केलं ते म्युझियमच्या काचेआड बघून मी एकटाच हसत उभा होतो. थूअर नावाच्या त्यांच्या माणसाने १८६८ मध्ये पुढून घालायचं काडतूस काढलं. पुंगळी मागे निमुळती, सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून आत ठोकायची, आणि वापरलेली पुन्हा पुढूनच बाहेर काढायची. सरळ दार बंद म्हणून खिडकीतून शिरणं. इंजिनिअरिंग म्हणून सुंदर, धंदा म्हणून शून्य, कारण पुढच्याच एप्रिलमध्ये पेटंटची मुदत संपली. व्हाइटने मुदतवाढ मागितली. संसदेने विधेयक मंजूर केलं, पण राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये ते परत पाठवलं. ग्रँट स्वतः त्या युद्धातले सेनापती. लष्कराच्या शस्त्रखात्यानेही मुदतवाढीला विरोध केला होता.

मग १८७३ चं कोल्ट आलं, ज्याचं चित्र 'काउबॉय' म्हटलं की डोळ्यांसमोर येतं. शेजाऱ्यांकडे तेही आहे. ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोट्या काडतुसांनी दाखवलं. उजव्या बाजूला मागे एक छोटं झाकण उघडतं, त्यातून एकेक काडतूस सरकवायचं. घोडा भरल्या घरावर टेकलेला असला तर धक्क्याने बार उडू शकतो, म्हणून भरायची पाचच. एक भर, एक सोड, चार भर, घोडा पूर्ण ओढ, हळूच सोड. बरोबर रिकाम्या घरावर येऊन बसतो. मी तीनदा मोजून पाहिलं, गणित चोख आहे.

रिकामं करताना मात्र जीव जातो. नळीला लावलेल्या गजाने एक पुंगळी मागे ढकलायची, सिलिंडर एक खण फिरवायचा, पुन्हा ढकलायची. काढणं आणि भरणं मिळून त्यांना एक्केचाळीस सेकंद लागले, तेही टेबलावर, कॉफी पिऊन.

गंमत म्हणजे याहून जलद रिव्हॉल्व्हर तेव्हा हजर होतं. स्मिथ अँड वेसनने १८७० मध्ये मोडणारं रिव्हॉल्व्हर काढलं. वरची कडी सोडली की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकतात आणि सिलिंडरमधली चांदणीच्या आकाराची चकती वर येऊन सगळ्या पुंगळ्या एकदम उचलून फेकते. प्रेसवाल्याला हे समजवावं लागत नाही. डाय उघडली की नॉकआउट नावाचा दांडा तयार पार्टला बाहेर ढकलतो, तेच. शोफिल्ड नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने त्याची कडी एका हाताने उघडेल अशी सुधारली, म्हणजे दुसऱ्या हातात लगाम राहतो. अमेरिकी लष्कराने काही घेतलीही. पण त्याचं काडतूस आखूड, कोल्टचं लांब. आखूड कोल्टमध्ये चालतं, लांब शोफिल्डमध्ये बसत नाही. स्टोअरमधून चुकीचा माल आला की जगातला सगळ्यात जलद सेटअपही फुकट, हे मी शपथेवर सांगतो.

ब्रिटिशांनी मात्र मोडणारंच धरून ठेवलं. वेब्ली, १८८७ पासून. आपल्याकडे पोलिसांच्या कमरेला दोरीने बांधलेलं जे रिव्हॉल्व्हर आमच्या पिढीने पाहिलं ते याच घराण्यातलं, आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट बत्तीस आजही तसंच मानेत मोडतं. वेब्लीसाठी प्रिडो नावाच्या माणसाने १८९३ मध्ये एक पेटंट घेतलं. पत्र्याच्या स्प्रिंगच्या पकडीत सहा काडतुसं गोलात उभी. सिलिंडरवर ठेवून दाबलं की सहाही एकदम आत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या काही अधिकाऱ्यांकडे ही असायची. बाहेरचं काम, बघा!

उलट दिशेलाही लोक गेले. रशियाने स्मिथ अँड वेसनची लाखावर मोडणारी रिव्हॉल्व्हर घेतली होती. आणि १८९५ मध्ये बेल्जियमच्या नागांचं सात गोळ्यांचं स्वीकारलं, ज्यात पुन्हा झाकण, पुन्हा गज, पुन्हा एकेक पुंगळी. त्याचा सिलिंडर बार उडताना पुढे सरकून नळीला चिकटतो, फटीतून वायू जात नाही. फार सुरेख रचना. सेटअप टाइमच्या नावाने मात्र शंख.

पण मला सगळ्यात आवडलेली वस्तू यातली कुठलीच नाही. अमेरिकेत कोल्टने १८८९ पासून आणि स्मिथ अँड वेसनने १८९६ पासून डावीकडे बाहेर झुलणारा सिलिंडर आणला होता. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा लष्कराला आपोआप भरणारी पिस्तुलं पुरेनात, म्हणून या रिव्हॉल्व्हरमध्येच पिस्तुलाचं काडतूस वापरायचं ठरलं. पिस्तुलाच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड नसते. चांदणी त्याला उचलणार कशी? तर पातळ पत्र्याची एक अर्धचंद्राकृती चकती कापली. तिच्या खाचांत तीन काडतुसं अडकवायची. दोन चंद्र घातले की सहा काडतुसं. चांदणी चकतीला उचलते, चकती पुंगळ्यांना.

पत्र्याची चकती! एक ब्लँकिंग डाय, म्हणजे चकती कापायचा साचा, आणि प्रेसचा एक दणका. मी म्युझियमच्या माणसाला विचारत होतो की जाडी किती आणि बर, म्हणजे कापल्यावर उरणारी धारदार कड, कुठल्या बाजूला. त्याने मला खुर्ची दिली.

शोधणाऱ्यांना वेग नको होता, कड नसलेलं काडतूस फक्त बाहेर काढायचं होतं. वेग त्यात फुकट मिळाला. पुढे पूर्णचंद्र आला, सहा काडतुसांचा. १९९९ मध्ये जेरी मिक्युलेक या अमेरिकी नेमबाजाने असाच पूर्णचंद्र वापरून सहा गोळ्या, पुन्हा भरणं आणि पुन्हा सहा गोळ्या एवढं २.९९ सेकंदांत केलं. भरणं धरून! शेजाऱ्यांनी तो व्हिडिओ दाखवला. हळू करून पाहिला तरी हात दिसत नाही.

या वेळेची दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली, आवाज खाली आणून. ५-६ एप्रिल १९७० च्या मध्यरात्रीच्या सुमारास कॅलिफोर्नियात न्यूहॉल गावापाशी हायवे पोलिसांची दोन गुन्हेगारांशी चकमक झाली आणि चार तरुण पोलीस मारले गेले. त्यातला एक जण गाडीआड बसून रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुटी काडतुसं एकेक करून घालत होता. कमरेच्या पाकिटातून ती अशीच सुटी हातात यायची. त्यानंतर त्या खात्याने सहा काडतुसं एकदम घालणारे स्पीडलोडर घेतले. प्रिडोच्या पेटंटला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षं झाली होती. आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही.

रेंजवरून घरी आलो तेव्हा माझ्या शर्टाला लवंगी फटाक्यांचा वास येत होता. गंधकच तो. मी चहा घ्यायला निघालो तर शेजारी म्हणाले, थांब, अजून झालेलं नाही. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंडाला एका रात्रीत गंज चढतो. त्यामुळे दोन्ही रिव्हॉल्व्हर पूर्ण खोलायची, गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने सिंकमध्ये धुवायची, निपल काढून ब्रशने घासायचे, ओव्हनच्या उबेत वाळवायची आणि तेल लावून जोडायची. निपल सगळे मी घासले. लेकीला सांगितलेलं नाही.

मधेच खिशात हात गेला तर मोबाइल गरम लागला. स्टॉपवॉच बंद करायचंच राहिलं होतं. दोन तास सदतीस मिनिटं. शेजाऱ्यांनी विचारलं, हे आतल्या कामात धरायचं की बाहेरच्या?